करंजाच्या वासाचे सर

शेलूबाजारच्या अड्ड्यावरून सुटणाऱ्या जीपमध्ये आमच्या सरांशेजारी बसायला कुणी तयार नसे. एरवी जीपवाले माणसं अशी कोंबतात की कुठला पाय कुणाचा हे उतरल्यावरच कळतं. पण सर चढले की त्यांच्या दोन्ही बाजूंना वीतवीतभर जागा आपोआप मोकळी होई. सरांच्या अंगाला करंजाच्या तेलाचा वास येई. कडवट, उग्र, एकदा नाकात शिरला की दुपारच्या जेवणापर्यंत मुक्काम ठोकणारा. सर मात्र ऐसपैस पाय पसरत आणि मला म्हणत, "पाहा बाई, एवढ्या गर्दीत आपल्याले कशी जागा भेटते. लोकं उगीच मंत्र्याची ओळख काढत फिरतात."

मी आसेगावची. कॉलेजात रसायनशास्त्राला तासिका तत्त्वावर लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते, आणि सरांची नोकरी संपायला जेमतेम तीन वर्षं उरली होती. त्यांच्या मुलीच्या वयाची मी, तरी पहिल्या दिवसापासून त्यांनी मला 'बाई' करून टाकलं. विभागात माणसं तीन. सर, मी, आणि प्रयोगशाळेत मदतीला असलेले चाचा. पहिल्याच दिवशी सरांनी मला काळ्या तेलाची एक बाटली हातात दिली आणि म्हणाले, "आडवी करा. पाच मोजा." मी केली. तेल तसूभरही हललं नाही. "आता ही दुसरी करा." दुसरीतलं तेल तीन म्हणायच्या आत बाटलीच्या गळ्याशी आलं. सर इतके खूश झाले, जणू ते मीच करून दाखवलं होतं.

गोष्ट अशी होती. जमिनीतून निघणाऱ्या कच्च्या तेलात मेण असतं. तेल खाली गरम असतं तोवर मेण त्यात विरघळून राहतं. वर येऊन पाइपात थंड झालं की ते गोठायला लागतं, पाइपाला आतून थर धरतो, आणि वेळेवर काढला नाही तर पाइप बुजतो. सरांचं म्हणणं असं की करंजाच्या तेलावर दोनतीन प्रक्रिया करून जो पिवळसर, काकवीसारखा पदार्थ निघतो, तो थोडासा आधीच मिसळला तर मेणाचे कण एकमेकांना धरत नाहीत आणि तेल वाहतं राहतं. त्या पदार्थाला इंग्रजीत लांबलचक नाव होतं. आम्ही त्याला 'औषध' म्हणत असू.

आता वाशिम जिल्ह्यात कच्च्या तेलाची एकही विहीर नाही. आमच्याकडे बोअरला पाणी लागलं तरी लोक पेढे वाटतात. त्यामुळे सरांनी हा उद्योग कशासाठी मांडला हे गावाला कोडंच होतं. काही जण म्हणत, माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. काही जण म्हणत, कॉलेजच्या मागे तेल सापडलंय आणि सर कुणाला सांगत नाहीत. सर दुसऱ्या अफवेला उत्तेजन देत.

खरं कारण होतं प्रल्हाद. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा हा सरांचा जुना विद्यार्थी. दिवाळी झाली की त्याचा अर्धा तांडा कामाला बाहेर पडे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिक्षण सोडून प्रल्हादही बाहेर पडला, पण बाकीच्यांसारखा ऊस तोडायला न जाता एका ठेकेदाराबरोबर गुजरातेत तेलाच्या विहिरींवर गेला. होळीला परत आला तेव्हा सरांना भेटायला आला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक काळा गोळा त्यांच्या टेबलावर ठेवला. "सर, तुमी शिकवत होते ना, तेलात मेन असते म्हनून? हे पाहा ते. आमी पाइपातून हेच खरवडून राह्यलो." सरांनी गोळा उचलला, वास घेतला, नखाने टोकरला, उजेडात धरून पाहिला. मग त्यांचं लक्ष प्रल्हादच्या हाताकडे गेलं. मेण सुटावं म्हणून पाइपात वाफ सोडतात. ती वाफ मनगटापासून कोपरापर्यंत लागून गेलेली होती.

हे मला सांगताना सर दर वेळी एकाच जागी थांबत. "म्या आधी गोळा पाह्यला, बाई. हात मंग पाह्यला. मास्तर मानूस, त्यात हे असं." त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं की प्रल्हादला पाइप खरवडायला लागू नये एवढं आपल्या हातून झालं पाहिजे. बस. पेटंट, पेपर, मानसन्मान हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. प्रल्हाद दर वर्षी तिथल्या साहेबाच्या परवानगीची चिठ्ठी लावून एक कॅन तेल पाठवी आणि होळीला येताना मेणाचा नवा गोळा आणी. ते गोळे सरांनी खिडकीत ओळीने मांडले होते. मी आले तेव्हा सात होते.

सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी थर्मामीटर असे. चहा आला की आधी थर्मामीटर बुडे, मग सर. बाटली आडवी करून पाच मोजायची त्यांची सवय तर घरीदारी सगळीकडे पोचली होती. कुणाच्या घरी गेले की खोबरेलाची बाटली आडवी कर, लोणच्याची बरणी कलती कर, वरणावरची तर्री ताट तिरपं करून बघ. तोंडाने हळूच, "एक, दोन, तीन…" माझ्यासाठी एका स्थळाकडे गेलो होतो तेव्हा वडीलधारे म्हणून सर सोबत होते. थंडीचे दिवस. पोळीवर वाढायला तुपाची वाटी आली. सरांनी ती आडवी केली, पाच मोजले आणि मान हलवून खाली ठेवली. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीवाले तुपाची परीक्षा घेतायत. स्थळ तिथेच गोठलं. मुलगा मला तसाही पसंत नव्हता, म्हणून सरांना मी ते कधी बोलून दाखवलं नाही.

काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, घरात शिरण्याआधी अंगणातल्या कडुनिंबाला शर्ट टांगायचा असा नियम केला होता. सर सकाळी बुद्धवंदना म्हणत तेव्हा काकू दोन उदबत्त्या जास्त लावत. मला म्हणाल्या, "लग्नात याईच्या अंगाले अत्तर लावलं होतं. थो शेवटचा चांगला वास." म्हणाल्या हसतच, आणि त्याच हातांनी सूप घेऊन करंजाच्या बिया पाखडायला बसल्या.

सरांचं एक वाक्य साऱ्या कॉलेजला पाठ होतं. "गरम हाय तवाच मिसळा." औषध तेलात घालायचं ते तेल गरम असताना. एकदा मेण गोठलं की वरून घागरभर औषध ओता, काही होत नाही. इथवर रसायनशास्त्र. पण सर ते माणसांनाही लावत. आपल्याकडे भांडण झालं की शहाणे लोक सांगतात, जरा थंड होऊ द्या, मग बोला. सरांना हे साफ नामंजूर. "थंड झाल्यावर काय बोलता, बापा? तवा तं थर बसते." एकदा प्राचार्य त्यांच्यावर भयंकर भडकले. क्रीडासाहित्याच्या खोलीत सरांनी करंजाची पोती ठेवली होती, त्यांना किडे झाले, ते किडे व्हॉलीबॉलच्या जाळ्यात शिरले. प्राचार्यांचा आवाज फाटकापर्यंत येत होता. सगळे सरांना खुणावत होते, आता निघा, उद्या या. सर खुर्ची ओढून समोरच बसले. "आत्ताच बोला सर. उद्यापर्यंत आपन दोघंही गोठून जाऊ." प्राचार्य पाऊण तास बोलले. शेवटी दोघांनी चहा घेतला. पोती तिथेच राहिली.

आणि चाचा. चाचा शेलूबाजारचेच, पिंजारी घरातले. सकाळी सातला प्रयोगशाळा उघडत, संध्याकाळी घरी गाद्या भरत. आमच्या बर्फाच्या टबाला त्यांनी कापूस भरून अशी जाड दुलई शिवली होती की त्यात बर्फ दिवसभर टिके. कच्च्या तेलाविषयी त्यांचं मत बरं नव्हतं. "हे तेल हाय की डांबर, काई समजत नाई," म्हणत. पण सरांवर त्यांचा फार जीव. तेल गोठलं आणि औषध चाललं नाही की सर त्या दिवशी चहा पीत नसत. गार झालेला कप परत नेताना चाचांचा चेहरा पाहवत नसे.

उन्हाळ्यात आम्ही बाटल्या फ्रीजमध्ये ठेवत असू. त्या फ्रीजचं दार दोरीने बांधावं लागे. थंडीत मात्र मागचा व्हरांडा हाच फ्रीज. संध्याकाळी तेल तापवून, औषध घालून, सहा बाटल्या ओळीने मांडायच्या. पहिलीत औषध नाही, बाकीच्यांत कमीजास्त. सकाळी दहाला सर येऊन एकेक आडवी करणार, पाच मोजणार, वहीत लिहिणार. तीन हिवाळे आम्ही हे केलं, आणि दर हिवाळ्यात औषध उन्हाळ्यापेक्षा सरस ठरलं. असं का व्हावं हे सरांना कळेना. शेवटी कोरड्या हवेचा आणि करंजाच्या गुणाचा संबंध जोडून त्यांनी वहीत चार पानं लिहून काढली. फार सुंदर लिहिली होती. मला दोनदा वाचून दाखवली.

एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत एक मॅडम होत्या. त्यांना सर दर महिन्याला पत्र लिहीत, आणि तेच पत्र मी माझ्या फोनवरून पुन्हा पाठवी. दोन वर्षं उत्तर नाही. मग एका जानेवारीत अचानक फोन आला. भाचीच्या लग्नासाठी त्या अकोल्याला येणार होत्या. हळदीच्या आधी दोन तास काढून शेलूबाजारला येऊन जाते, म्हणाल्या. औषधात दम दिसला तर नमुना घेऊन जाईन, नाही तर निदान पत्रं थांबतील. सरांना रिटायर व्हायला चारच महिने होते. त्यानंतर ना प्रयोगशाळा, ना चाचा, ना मी. जे व्हायचं ते त्या दोन तासांत.

सरांनी त्या दिवसासाठी खास नाटक बसवलं. सहा बाटल्या नकोत, दोनच ठेवू. एकीत औषध, एकीत नाही. चिठ्ठ्या बुडाला चिकटवायच्या, वरून काहीच दिसायला नको. "मॅडमनं सोताच आडव्या करून ओयखाव्या, कोनती आपली," सर म्हणाले. आदल्या संध्याकाळी बाटल्या व्हरांड्यात मांडल्या. सकाळी कडाक्याची थंडी होती. सरांनी नवा शर्ट घातला होता, त्यालाही वास होताच.

मॅडम साडेअकराला आल्या. उंच, शांत बाई, हळदीसाठी नेसलेली पिवळी साडी. वासाबद्दल काही बोलल्या नाहीत, पण व्हरांड्यातच उभं राहू म्हणाल्या. सरांनी दोन्ही बाटल्या पुढे केल्या. मॅडमनी पहिली आडवी केली. दोन म्हणायच्या आत तेल गळ्याशी. सरांनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. मॅडमनी दुसरी आडवी केली. तीही वाहिली.

"यातली औषधाची कोणती?" मॅडमनी विचारलं.

सरांनी बाटल्या हातात घेतल्या. एक आडवी केली, दुसरी आडवी केली. मग दुसरी पुन्हा केली आणि गोंधळून दहापर्यंत मोजत गेले. पाचाच्या पुढे मोजताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी बाटलीच्या बुडाला हात लावला. "ही कोमट लागून राह्यली," म्हणाले.

दारात चाचा चहाचा ट्रे घेऊन उभे होते.

"सर," चाचा म्हणाले, "सकाळी म्या दार उघडलं तं एक बाटली पक्की जमून गेल्ती. म्या म्हटलं, मेहमान येऊन राह्यले, त्याईच्यापुढं जमलेलं तेल कसं ठेवावं? मंग खोबरेलाची ठेवतो तशी उन्हात ठेवली भितीवर. पिघलली तवा परत आनून ठेवली."

आमच्याकडे थंडीत सकाळी कुठल्याही घराच्या कंपाउंडवर बघा, गोठलेल्या खोबरेलाच्या बाटल्या ओळीने ऊन खात असतात. पाहुणा यायचा असेल तर आधीच पातळ करून ठेवतात, त्याला केसाला लावायला लागेल म्हणून. चाचांनी तेच केलं होतं. फक्त जी बाटली गोठली पाहिजे होती, तीच त्यांनी वितळवली होती. काळं तेल, घटकाभरातच तापलं.

माझा संताप अनावर झाला. "चाचा, अक्कल हाय का तुमाले?" मी म्हणाले. माझ्या वडिलांपेक्षा मोठा माणूस, पाहुण्या बाईंसमोर.

सरांनी फक्त विचारलं, "चाचा, आजच ठेवली, का याच्याआधी बी?"

चाचांनी ट्रे खाली ठेवला. "तुमी ज्या दिवशी च्या पेत नव्हते ना, सर, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमी यायच्या आधी एकदोन उन्हात ठेवत होतो. पयली सोडून. पयली जमते ते तुमाले चालते, हे मले मालूम होतं. आज चिठ्ठ्या बुडाले, पयली कोनती ते समजलं नाई."

तीन हिवाळे. औषध थंडीत सरस का ठरतं, याचं उत्तर समोर टोपी सावरत उभं होतं. पण मॅडमना अजून त्याचा अर्थ लागला नव्हता. वही टेबलावर होती, आकडे सुंदर होते. मी सरांच्या बाहीला धरून कुजबुजले, "सर, हिवाळ्याचं आत्ता बोलू नका. आधी नमुना नेऊ द्या त्यांना. मग कळवू." आज लिहितानाही मला याची लाज वाटते, पण मी बोलले हे खरं आहे.

सर मोठ्याने म्हणाले, "बाई, गरम हाय तवाच." आणि मॅडमकडे वळले. "मॅडम, माह्ये थंडीचे सारे आकडे खोटे हायत. म्या मुद्दाम नाई केले, पन खोटे हायत. तीन वर्साचे. फ्रीजमधले तेवढे खरे धरा." मग त्यांनी वही उघडली, माझ्याकडून लाल पेन घेतलं आणि हिवाळ्याच्या प्रत्येक पानावर फुली मारत गेले. ती चार पानं आली तेव्हा हात जरा थांबला. "हे लय चांगलं लिवलं होतं," म्हणाले, आणि त्यांवरही मारली.

वही मिटवून सर मला म्हणाले, "आता तुमी चाचाले जे बोलल्या तेबी आत्ताच मिटवा. संध्याकाळी नाई मिटत ते." मी चाचांची माफी मागितली. मनापासून मागितली. चाचा म्हणाले, "बेटा, तू तं बोलली. सर बोललेच नाई, त्याचंच मले जास्त लागून राह्यलं."

"असं का?" सर म्हणाले. "मंग मी बी बोलतो. चाचा, तुमी गाढव हायत."

चाचांचा चेहरा तेव्हा कुठे उघडला. त्यांनी चहा ओतला. सरांनी थर्मामीटर न बुडवता प्यायला.

"आता काय दाखवणार?" मॅडमनी घड्याळ बघत विचारलं.

त्या बाटल्या पुन्हा वापरायला सर तयार नव्हते. "तेलाले आठवन असते," ते म्हणाले. "एकदा तापलं, निवलं, पुन्हा तापलं, तं ते पयलंवालं तेल राह्यत नाई." मॅडमनी पहिल्यांदाच मान डोलावली. प्रल्हादने पाठवलेल्या कॅनमध्ये न हात लावलेलं दोनेक लिटर शिल्लक होतं. सरांनी सांगितलं, दोन पातेल्यांत सारखं तापवू, एकात औषध घालू, आणि बर्फ भरलेला स्टीलचा गिलास दोन्हींत बुडवू. थंड गिलासाला मेण चिकटतं, जसं पाइपाला चिकटतं. किती चिकटलं ते तोलायचं. पण बर्फ? फ्रीज आठवड्यापासून बंद. जानेवारीत गावात कुल्फीवालाही नसतो.

नशीब, तो बाजाराचा दिवस होता. चाचा कधी निघाले ते कळलंच नाही. साठीतला माणूस बाजारातून घमेलं डोक्यावर घेऊन धावत आला. मासेवाल्या बाईकडून बर्फ आणला होता, त्यात एक लहानशी मासोळीही आली होती. "पैसे नाई घेतले तिनं," चाचा धापा टाकत म्हणाले. "म्हने, सरांचं काम हाय तं घिऊन जा, पन घमेलं वापस करजा."

करंज, कच्चं तेल आणि मासे. आमच्या प्रयोगशाळेला त्या दिवशी जो वास आला तो नंतर महिनाभर गेला नाही. मॅडमनी नव्या पिवळ्या साडीचा पदर नाकाला लावला आणि आत येऊन स्टुलावर बसल्या. प्रयोग पाऊण तास चालला. चाचा दोन्ही गिलासांत आळीपाळीने बर्फ भरत होते आणि कुठल्याही पातेल्याला चुकून जास्त माया लागू नये म्हणून हात मागे बांधून उभे राहत होते.

गिलास बाहेर काढले. पहिल्याला पुरणपोळीएवढा जाड काळा थर. दुसऱ्याला पापुद्रा, मधूनमधून स्टील चमकत होतं. दोन्ही थर खरवडून आम्ही तोलले. मॅडमनी वही मागितली, लाल फुल्या ओलांडत उन्हाळ्याच्या पानांवर आल्या आणि बोट फिरवत राहिल्या.

"हे तुमच्या फ्रीजच्या आकड्यांशी जुळतंय," त्या म्हणाल्या. "हिवाळ्याचे आकडे घेऊन गेले असते ना, सर, तर आमच्याकडे त्याच्या निम्मंही आलं नसतं. आणि मग ही बाटली मी फेकून दिली असती." मग औषधाची बाटली कापडात गुंडाळून पर्समध्ये ठेवत म्हणाल्या, "फक्त या चाचांना आमच्या लॅबमध्ये पाठवू नका." चाचा लाजून हसले. आणि मला कळलं की मी मघाशी सरांची बाही ओढली होती, ती किती चुकीच्या दिशेने ओढली होती.

एप्रिलच्या शेवटी सर रिटायर झाले. निरोपाच्या भाषणात प्राचार्यांनी पोत्यांचा उल्लेख टाळला. पुढच्या दिवाळीनंतर मॅडमचं पत्र आलं. त्यांच्याकडे चाचण्या बऱ्या निघाल्या होत्या, आणि प्रल्हाद काम करतो त्याच भागातल्या विहिरींवर काही महिने औषध वापरून बघणार होते. मी पेढे घेऊन सरांच्या घरी गेले. काकूंनी सरांना चक्क शर्टासकट घरात घेतलं होतं. आनंदाच्या भरात मी बोलून गेले, "पण सर, पाइप खरवडायचं काम बंद झालं, तर प्रल्हाद काय करेल?"

सरांच्या हातात तुपाची वाटी होती. ती त्यांनी सरळच खाली ठेवली.

"हे म्या ध्यानातच घेतलं नाई, बाई," ते म्हणाले. "इतकी वर्सं त्याचा हात पाहत राह्यलो. पोट पाह्यलंच नाई."

त्यांनी त्याच मिनिटाला प्रल्हादला फोन लावला. फोन बंद. दुसऱ्या दिवशी बंद, आठवडाभर बंद. तांड्यावर निरोप धाडला, तिथेही कुणाला पत्ता नव्हता. संक्रांत गेली. सर कुणाच्याही घरी काही आडवं करेनासे झाले. काकू मला म्हणाल्या, "वास बी कमी झाला त्याईचा. मले करमत नाई." गरम असताना बोलायची इतकी वर्षं सवय लावलेला माणूस, आणि ज्याच्याशी बोलायचं तो सापडत नव्हता.

होळी आली. तांड्यावरची माणसं कुठेही असली तरी होळीला परत येतात, हा एकच आधार होता. होळीच्या चार दिवस आधीपासून सर शेलूबाजारच्या अड्ड्यावर जाऊन उभे राहायला लागले. मानोऱ्याकडे जाणारी माणसं तिथे जीप बदलतात. तिसऱ्या दिवशी मीही गेले. चाचाही आले होते, टोपी घालून, जणू ईदच आहे. सरांच्या हातात रिकामी पिशवी होती. दर वर्षी गोळा त्यात नेत. "औंदा गोळा आनला तं औषध चाललं नाई असं समजाचं," ते म्हणाले. "अन् नाई आनला तं..." आणि रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागले.

दोन जीप आल्या, रिकाम्या झाल्या. तिसरी आली ती पुढून खचाखच भरलेली, टपावरही माणसं. थांबली तसं आधी एक म्हातारी उतरली, नाकाला लुगड्याचा पदर लावून. तिच्यामागून एक माणूस, नाकाला रुमाल. म्हातारी ड्रायव्हरवर तोंडसुख घेत होती. "काहून बसवतं रे असल्या मानसाले? वाशिमपासून डोकं उठलं माह्यं. करंजाची घानी हाय का काय याच्या घरी?"

सरांनी पिशवी चाचांच्या हातात दिली. ते जीपच्या मागच्या दाराशी गेले. आत, मागच्या बाकावर, दोन्ही बाजूंना वीतवीतभर जागा सोडून प्रल्हाद बसला होता. उतरला आणि पायाला हात लावायला वाकला, पण सरांनी त्याला वाकूच दिलं नाही. त्याचे खांदे धरले आणि त्याच्या शर्टाचा खोल, लांब वास घेतला. भर अड्ड्यावर, सगळ्यांदेखत.

"फोन चोरीले गेला होता, सर," प्रल्हाद सांगत होता. "नंबर सारे गेले. गोळा नाई आनला औंदा. गोळा होतच नाई. आता पंपावर ठेवलं मले. औषध मीच सोडतो, सर. तेल गरम असते तवाच."

सरांनी त्याचा हात उलटा केला, सुलटा केला. जुना डाग होता तिथेच होता, नवा एकही नव्हता. या वेळी त्यांनी हातच आधी पाहिला. मग ते रडायला लागले, आणि चाचा त्यांच्यापेक्षा मोठ्याने.

थोड्या वेळाने आम्ही चौघं प्रल्हादच्या तांड्याकडे निघालो. होळीची गर्दी, जीपवाला माणसं टपावर चढवत होता. मागचा अख्खा बाक आमच्याकडे होता, आणि आमच्याशेजारी बसायला कुणी तयार नव्हतं.